फिंचच्या मादीचं अंडं अडकलं तर काय करायचं

पिंजऱ्याच्या तळाशी एका कोपऱ्यात पिसं फुलवून बसलेली फिंचची मादी दिसली की बहुतेकांना आधी सर्दीची शंका येते. ‘संध्याकाळपर्यंत बघू’ असं म्हणून पिंजऱ्यावर कापड टाकलं जातं. पण ती मादी अंडी घालण्याच्या काळात असेल, तर संध्याकाळपर्यंत थांबणं तिच्या जिवावर बेतू शकतं. अंडं आतच अडकलं असेल तर एवढासा पक्षी काही तासांत दगावतो.

हा लेख नव्याने फिंच पाळणाऱ्यांसाठी आहे. शक्य असेल तर घरातल्या माद्या ठणठणीत असतानाच तो वाचून ठेवा. एक लहान खोका किंवा छोटा पिंजरा, उबेची सोय, थर्मामीटर आणि पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरांचा नंबर एवढं आधीच जमवलेलं असावं. ऐन वेळी शोधाशोध करण्यात जो वेळ जातो, नेमका तोच मादीला हवा असतो.

आत नेमकं काय बिघडतं

झेब्रा फिंचची मादी साधारण १२ ते १५ ग्रॅमची असते आणि तिचं एक अंडं जवळपास १ ग्रॅमचं. एका खेपेला ४ ते ६ अंडी, रोज एक, बहुतेक वेळा सकाळी. म्हणजे आठवड्याभरात ती स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी अंडी घालते. सोसायटी फिंच आणि गोल्डियन या फिंचच्या दुसऱ्या जातींचंही थोड्याफार फरकाने असंच असतं.

बलक अंडवाहिनीत उतरल्यापासून अंडं बाहेर येईपर्यंत साधारण एक दिवस लागतो आणि त्यातला बहुतेक वेळ कवच चढण्यात जातो. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. ते मुख्यतः रात्री तयार होतं, म्हणजे मादी काही खात नसते त्या वेळी. मग कॅल्शियम येतं ते दिवसा खाल्लेल्यातून आणि हाडांमधल्या साठ्यातून. इतक्या लहान पक्ष्याच्या हाडांत फार साठा मावत नाही. आहारात रोज भर पडली नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या अंड्यालाच ओढाताण सुरू होते.

कॅल्शियम नुसतं कवचाला लागतं असंही नाही. अंडं पुढे ढकलणारे स्नायू आकुंचन पावतात तेही कॅल्शियमच्याच जोरावर. त्यामुळे ते कमी पडलं की कवच मऊ राहतं आणि ढकलायला ताकदही उरत नाही. मऊ अंड्यावर स्नायूंची पकड नीट बसत नाही, म्हणून कडक अंड्यापेक्षा ते जास्त अडकतं.

अडकलेलं अंडं आजूबाजूच्या सगळ्यावर दाब टाकतं. पायाच्या नसांवर दाब आला की पाय लुळा पडतो. हवेच्या पिशव्या दबल्या की श्वास जड होतो. विष्ठेची वाट अडली की शी बंद होते. पुढची सगळी लक्षणं यातूनच येतात, त्यामुळे एवढं डोक्यात पक्कं असलं की ती पाठ करावी लागत नाहीत.

कॅल्शियमच्या कमतरतेखेरीज थंडी, पहिलंच अंडं, फार कोवळं किंवा उतरतं वय, लागोपाठच्या खेपा, लठ्ठपणा, पंख पसरायलाही जागा नसलेला पिंजरा, वेडंवाकडं किंवा जास्त मोठं अंडं आणि अंडवाहिनीतला संसर्ग ही नेहमीची कारणं. गोल्डियन थंडीला फार हळव्या असतात, त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवावं.

अंड्यावर आलेली मादी आणि अडकलेली मादी

नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो, कारण अंड्यावर आलेली निरोगी मादीही थोडी वेगळी वागते. ती घरट्यात जास्त वेळ काढते, पाणी जास्त पिते, समुद्रफेस (कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात टांगतात ते कटलफिशचं हाड) टोकरते. तिची शी नेहमीपेक्षा मोठी आणि ढिली होते, पोटाचा खालचा भाग थोडा फुगतो. अंडं घालण्याच्या थोडं आधी ती क्षणभर सुस्तही दिसेल. पण अंडं आलं की लगेच ताजीतवानी होऊन दाण्यावर येते.

अडकलेली मादी अशी सावरत नाही. ती दांडीवरून खाली उतरते आणि तळाशीच राहते. पाय फाकवून बसते, डोळे अर्धवट मिटलेले, पंख जरा खाली सुटलेले. दर श्वासाला शेपटी वर-खाली हलते. मधूनच अंग ताणून जोर लावल्यासारखं करते आणि काहीच बाहेर येत नाही. शी एक तर होतच नाही किंवा बऱ्याच वेळाने मोठा ओला गोळा पडतो. एक पाय ओढत चालते किंवा दांडी पकडू शकत नाही. जवळ गेलं तरी उडत नाही, हेच मला सगळ्यांत गंभीर लक्षण वाटतं, कारण फिंच सहसा हाताला लागू देत नाही.

दोन अंडी लागोपाठ आली आणि तिसऱ्या दिवशी आलं नाही, एवढ्यावरून घाबरू नका. मादी खातेय, उडतेय, दांडीवर बसतेय, तर एखादा दिवस चुकू शकतो. अंडं नाही आणि मादीही मलूल आहे, अशा वेळी मात्र थांबू नका.

आणखी एक गोष्ट. ‘आमच्याकडे नरच नाही, मग अंडं कुठून?’ हा विचार सोडून द्या. नर नसला तरी मादी अंडी घालते. ती फळत नाहीत, पण अडकू शकतात. झेब्रा फिंचमध्ये नराच्या गालावरचा नारिंगी ठिपका बघून ओळख पटते, पण सोसायटी फिंचचे नर-मादी दिसायला सारखेच. गातो तो नर, एवढीच काय ती खूण. दोन नर म्हणून आणलेल्या जोडीत एक किंवा दोन्ही माद्या निघणं अगदी शक्य आहे.

तपासून बघायचं असेल तर एकदाच आणि झटपट. खोलीतला उजेड कमी करा, मादीची पाठ तळहातावर येईल आणि मान तर्जनी व मधल्या बोटाच्या बेचक्यात राहील अशी धरा. छातीवर बोट टेकवू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचा भाता हलला तरच श्वास चालतो, त्यामुळे छाती दाबली की तो गुदमरतो. मग पोटावरच्या पिसांवर हळूच फुंकर घाला. पिसं बाजूला झाली की खालची कातडी दिसते, पातळ आणि जवळजवळ पारदर्शक. शेपटीखालच्या छिद्राच्या जरा वर गोलसर, ताणलेला फुगवटा दिसला तर अंडं आहे असं समजा. बोटाने चाचपायचं नाही. काही दिसलं नाही तरी लक्षणं वरच्यासारखी असतील तर उपाय तेच, कारण मऊ अंडं असं दिसतही नाही आणि दुसरा कुठला आजार असला तरी ऊब आणि डॉक्टर हेच लागणार.

पहिल्या तासात

१. डॉक्टरांना फोन करा. हे शेवटी करायचं काम नाही. तुम्ही उबेची तयारी करत असताना घरातल्या दुसऱ्या कोणीतरी फोन लावावा. लहान पक्षी तपासण्याचा अनुभव असलेले डॉक्टर असतील तर उत्तम.

२. मादीला वेगळी करा. नर मागे लागत असेल, बाकीचे पक्षी टोचत असतील, तर तिची उरलीसुरली ताकद त्यातच जाते. छोटा पिंजरा किंवा हवेसाठी भोकं पाडलेला खोका घ्या. तळाला मऊ कापडाची घडी किंवा टिश्यू पेपर घाला. धागे निघणारा टॉवेल नको, नखं अडकतात. दांडी काढून टाका. दाणे आणि बशीभर उथळ पाणी तिच्या तोंडाशी ठेवा.

३. ऊब द्या. या पायरीवर घाई आणि कंजुषी दोन्ही नको. खोक्यातलं तापमान २९ ते ३२ अंश सेल्सियस हवं आणि थर्मामीटर मादी बसली आहे त्या उंचीवर हवा. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून, हीटिंग पॅड किंवा दिवा, जे हाताशी असेल ते चालेल. पण ऊब खोक्याच्या एकाच बाजूला असू द्या, म्हणजे जास्त झाली तर तिला सरकता येईल. चोच उघडून धापा टाकायला लागली किंवा पंख अंगापासून दूर धरले तर गरम जास्त झालंय. पाय लुळे पडले असतील तर तिला स्वतःहून सरकता येणार नाही, मग नजर तुम्हीच ठेवायची. बाटली गार झाली की बदलायची, नाहीतर तीच उलट तिची ऊब ओढून घेते. दिवा वापरत असाल तर त्याच्यावर टेफ्लॉनसारखा लेप नाही याची खात्री करा. तो लेप तापला की निघणारा वायू पक्ष्यांना विषारी असतो आणि काही मिनिटांत जीव घेतो.

४. हवेत ओलावा आणा. खोक्याशेजारी, मादी पोचणार नाही अशा जागी, गरम पाण्याचं भांडं किंवा ओला गरम रुमाल ठेवा. मादीला थेट वाफेवर धरायचं नाही आणि पाण्यात बसवायचंही नाही. कोमट पाण्यात बसवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो नवख्या माणसासाठी पटत नाही: १२ ग्रॅमच्या पक्ष्याला धरून ठेवण्याचा ताण मोठा असतो आणि नंतर ओल्या पिसांनी तो गारठतो, म्हणजे मिळवलेली ऊब गेलीच.

५. कॅल्शियम द्या. पक्ष्यांसाठी मिळणारं पातळ कॅल्शियम घरात असेल आणि मादी शुद्धीवर असून गिळत असेल, तरच. चोचीच्या कडेला एक थेंब लावा, तो तिने स्वतः आत घ्यावा. मात्रा बाटलीवर लिहिलेली किंवा फोनवर डॉक्टर सांगतील ती. चोच उघडून ड्रॉपर आत घालू नका; थेंब श्वासनलिकेत गेला तर दुसरंच संकट. तोंडाने दिलेलं कॅल्शियम अंगी लागायला वेळ लागतो, त्यामुळे ते दिलं म्हणून डॉक्टरांकडे जाणं टाळू नये.

६. उजेड कमी, आवाज बंद. आणि सारखं डोकावू नका. दहा-पंधरा मिनिटांनी एकदा शांतपणे बघणं पुरे.

पुष्कळदा नुसत्या उबेने स्नायू सैल होतात आणि तासाभरात अंडं येतं. एक-दोन तासांत फरक पडला नाही तर मादीला त्याच उबदार खोक्यात घेऊन निघा. श्वास जड असेल, पाय लुळे असतील किंवा काही ऊतक बाहेर आलं असेल, तर तेवढंही थांबायचं नाही.

हात लावायचा मोह

अंडं समोर दिसतंय, जरा दाबलं तर निघेल, असं वाटणं साहजिक आहे. तरीही हात लावू नका. दाबाने अंडं आत फुटलं तर कवचाच्या धारेने अंडवाहिनी कापली जाते आणि आतला बलक पसरून संसर्ग होतो. न फुटता अंडवाहिनीच अंड्यासकट बाहेर उलटू शकते.

तेलाचंही तसंच. शेपटीखाली तेलाचा थेंब सोडायचा जुना उपाय सगळीकडे ऐकायला मिळतो. तेल पिसांना लागलं की पिसं चिकटतात आणि ऊब धरून ठेवत नाहीत, आणि वरून सोडलेला थेंब अंडं जिथे अडकलंय तिथवर बहुधा पोचतच नाही. तोंडातून तेल पाजणं तर धोक्याचंच. अंडं छिद्राच्या तोंडाशी आलेलं स्पष्ट दिसत असेल, तर पाण्यात विरघळणाऱ्या वंगण जेलीचा अगदी लहानसा ठिपका कापसाच्या काडीने कडेला लावता येईल. ओढायचं नाही, सुईने टोचायचं नाही.

गुलाबी-लालसर ऊतक बाहेर लोंबत असेल तर ते सुकू देऊ नका. निर्जंतुक सलाईनने ओलसर ठेवा आणि लगेच निघा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या किंवा उरलेली प्रतिजैविकं देऊ नका.

डॉक्टरांकडे

प्रवासात खोका अंधारा आणि उबदार ठेवा. शेवटचं अंडं कधी आलं, या खेपेतलं कितवं, वर्षभरात किती खेपा झाल्या, वय किती, रोज काय खाते, घरी काय-काय दिलं, हे चिठ्ठीवर लिहून न्या. गडबडीत यातलं निम्मं आठवत नाही. शक्य असेल तर शेवटची शी कागदावर घेऊन जा.

डॉक्टर आधी मादीला स्थिर करतात: ऊब, त्वचेखाली द्रव, कॅल्शियमचं इंजेक्शन. एक्स-रेमध्ये कडक कवचाचं अंडं दिसतं, मऊ कवचाचं कधीकधी दिसत नाही. नंतर अंडवाहिनीचं आकुंचन वाढवणारं औषध देता येतं, पण वाट मोकळी आहे याची खात्री झाल्यावरच. वाट बंद असताना ते दिलं तर अंडवाहिनी फाटू शकते. म्हणूनच हे औषध कुणाच्या सांगण्यावरून घरी द्यायचं नसतं. तरीही अंडं हललं नाही तर सुईने त्यातला द्रव ओढून ते लहान करतात आणि मग काढतात. शस्त्रक्रिया हा शेवटचा मार्ग. फिंचच्या आकाराला भूल आणि शस्त्रक्रिया दोन्ही जोखमीचं, हे डॉक्टर सांगतील. निर्णय घेताना ते ऐकून घ्या.

अंडं आलं, आता?

अंडं आल्यावर सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि मादीला परत घरट्यात सोडतात. ते लगेच करू नका. तिच्या आत पुढचं अंडं तयार होत असण्याची शक्यता असते, आणि ते उद्याच येऊ शकतं. निदान दोन-तीन दिवस ऊब आणि कॅल्शियम चालू ठेवा, नंतर तापमान हळूहळू उतरवा. खाते का, शी नीट होते का, हे बघा. स्वयंपाकघरातला बारीक वजनकाटा असेल तर रोज सकाळी खोक्यासकट वजन करून लिहून ठेवा. पायातली कमजोरी काही दिवस राहू शकते. तोवर दांड्या तळाजवळ लावा.

फिंच थव्याने राहणारा पक्षी आहे. वेगळं ठेवलं तरी बाकीच्यांचा आवाज ऐकू येईल असं ठेवा, ती लवकर खायला लागते.

घरट्यात उरलेल्या अंड्यांचं काय, हा प्रश्न येतोच. माझं मत स्पष्ट आहे: ही खेप सोडून द्या. झेब्रा फिंचचा नर अंडी उबवायला बसतो, पण नुकतीच मरता-मरता वाचलेल्या मादीकडून पिल्लं भरवून घेणं बरोबर नाही. मादी वेगळ्या पिंजऱ्यात, घरटं नजरेआड, आणि मग अंडी काढून टाका. घरटं तिच्यासमोर तसंच ठेवून रोज अंडं उचललं तर ती भरपाई म्हणून आणखी घालत राहते. ती घरट्यातच असेल तर खऱ्या अंड्यांच्या जागी नकली अंडी ठेवावीत, आणि ती कंटाळून उठेपर्यंत बसू द्यावी.

पुन्हा होऊ नये म्हणून

अंडं अडकतं एका सकाळी, पण त्याची तयारी आधीचे काही महिने चाललेली असते. झेब्रा फिंच मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातले. तिथे पाऊस पडला, गवताला बी धरलं, की ते घरटी करतात, नाहीतर थांबतात. पिंजऱ्यात दाणापाणी बारा महिने भरलेलं, घरटं टांगलेलं, नर शेजारी. मादीला थांबायचं कारणच मिळत नाही. ते आपण द्यायचं असतं.

घरटं कायम टांगून ठेवू नका. झोपायला त्यांना दांडी पुरते. गवत, काथ्या, कापूस असं सामानही काढा. काही माद्या मग दाण्याच्या वाटीत अंडी घालतात. तसं दिसलं तर वाटी लहान आणि उथळ करा, पिंजऱ्यातल्या वस्तूंच्या जागा बदला, उजेड दिवसाला ८ ते १० तासांवर आणा, उकडलेलं अंडं आणि मोड आलेले दाणे काही आठवडे बंद ठेवा. तरीही थांबत नसेल तर नर-मादी वेगळे ठेवा. वर्षाला दोन खेपा पुरेत, तीनच्या वर नकोतच. ९ महिन्यांच्या आतल्या मादीची जोडी लावू नका. एकदा अडकलेल्या मादीला पुन्हा विणीला लावायचं की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवा. मी तरी लावणार नाही.

आहारात नुसते दाणे असतील तर कॅल्शियम कमी पडणारच. बारीक धान्यांत कॅल्शियम थोडं आणि फॉस्फरस जास्त असतो. समुद्रफेस पिंजऱ्यात वर्षभर लटकलेला असावा, मऊ बाजू पक्ष्याकडे. काही फिंच त्याला तोंडच लावत नाहीत. त्यांच्यासाठी तो किसून वाटीत द्या. कोंबडीच्या अंड्याचं कवच दहा मिनिटं उकळून, वाळवून, बारीक कुटून दिलं तर ते आवडीने खातात. शिंपल्याचा चुराही चालतो. हिरव्या पाल्यात ब्रोकोली चांगली. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

इतकं करूनही उपयोग होत नाही, असं का होतं? बहुतेक वेळा ड जीवनसत्त्व, नेमकं सांगायचं तर डी-३, कमी पडल्यामुळे. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून शोषलंच जात नाही. थेट ऊन मिळालं तर पक्षी ते स्वतः तयार करतो. खिडकीच्या काचेआडचं ऊन मात्र कामाचं नाही, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. पिंजरा रोज थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवा, अर्ध्या भागावर सावली असू द्या. ते जमत नसेल तर पक्ष्यांसाठीचा अतिनील दिवा किंवा डी-३ असलेलं पूरक वापरा, पण दोन-तीन पूरकं एकत्र करू नका. डी-३ जास्त झालं तर मूत्रपिंडाला इजा होते.

आणि पिंजरा रुंद घ्या. उंच, निमुळते पिंजरे दिसायला छान असतात, पण फिंच आडवं उडतो. दोन दांड्यांच्या मध्ये पंख मारत जाण्याइतकं अंतर राहील असा पिंजरा हवा. विणीच्या काळात खोली गारठणार असेल, तर थंडीचे दिवस सरेपर्यंत घरटं लावूच नका.